उधारीची वही

परवा संध्याकाळी आमच्या तालमीची चार पोरं दुकानात आली. गणपतीच्या वर्गणीची पावती पुस्तकं बांधून पाहिजे होती. किती पुस्तकं, किती पानी, नंबर कुठून टाकायचा, सगळं ठरलं. मग त्यातला एक म्हणाला, "काका, यंदा डॉल्बीचे पैसे वाचवून मोठा मोटिव्हेशनल स्पीकर आणायचा बेत आहे. पोरांना जरा चार्ज केलं पाहिजे." मानधनाचा आकडा सांगितला. ऐकून माझ्या हातातला पुठ्ठा खाली पडायचाच राहिला.

दुसऱ्यानं विचारलं, "खरं काका, तुमाला कुठनं मिळतंय ओ मोटिव्हेशन? दोनदा दुकान पाण्यात गेलं, तरी तुमचं आपलं रोज शटर वर."

"गंगावेशीतल्या दुधातनं," मी म्हणालो. पोरं हसली, चहा प्याली, गेली.

रात्री मात्र झोप लागेना. पोरानं मनापासून विचारलं होतं आणि मी चेष्टेवारी नेलं. शिवाय "रोज शटर वर" हे तर साफ खोटं. २०२१ च्या पुरानंतर माझं शटर कित्येक दिवस अर्धंच वर असायचं आणि मी आत अंधारात नुसता बसून असायचो. हे आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो. पोस्ट लांब आहे, निवांत बसून वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी बायंडर. शाहूपुरीत, जयंती नाल्यापासून हाकेच्या अंतरावर वडिलांनी सुरू केलेलं छोटं दुकान आहे. हिशेबाच्या वह्या, पावती पुस्तकं, शाळांची हजेरीपुस्तकं, वाचनालयाची फाटलेली पुस्तकं आणि विद्यापीठातल्या पोरापोरींचे पीएच.डी.चे प्रबंध. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. कामात पैसा बेताचा, पण समाधान होतं. गावाकडनं आलेली एखादी पोरगी प्रबंधावरच्या सोनेरी अक्षरांत आपलं नाव बघते आणि तिच्या बापाच्या डोळ्याला पाणी येतं, हे मी दुकानात उभं राहून बघितलंय.

कोल्हापूरच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याचे आकडे तोंडपाठ असतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २००५ च्या पुराची रेघ वडिलांनी दुकानाच्या भिंतीवर मारून ठेवली होती. त्या रेघेच्या वर हातभर माल ठेवला की झोपा निवांत, असा आमचा हिशेब. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो हिशेब पाण्यात गेला. पंचगंगेनं ५५ फूट ओलांडलं, हायवे बंद पडला, शहर चहूबाजूंनी तुटलं. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर कागदाच्या रिमांनी पाणी पिऊन लोखंडी रॅकचे पाय वाकवलेले. कागद फुगला की केवढा जोर करतो ते तोवर मलाही माहीत नव्हतं.

तेव्हा मात्र मी खचलो नाही. खरं सांगायचं तर खचायला कुणी सवडच दिली नाही. तालमीची पोरं चिखल काढायला आली. कोण कुठली, नावंही न सांगणारी माणसं बाहेरगावाहून टेम्पो भरून पाण्याच्या बाटल्या, चटया, भाकरी घेऊन आली. बायकोचं सोनं गहाण ठेवलं, पतसंस्थेचं कर्ज काढलं, नवं कटिंग मशीन घेतलं.

मग आला लॉकडाऊन. शाळा बंद, लग्नं बंद, विद्यापीठ बंद. कर्जाचे हप्ते तेवढे चालू. आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पुन्हा ५५ च्या पुढं. नव्या मशीनच्या मोटरीत पाणी. या वेळी चिखल काढायला माणसं कमी होती, कारण प्रत्येकाच्या घरात आजारपण, नाहीतर कर्ज, नाहीतर दोन्ही. कुणाला बोल लावणार?

दुसऱ्या पुरात मी मोडलो. दाढी करायची बंद केली. दुकानात जायचो, शटर अर्धं उचलून वाकून आत शिरायचो आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून मोबाईल बघायचो. कुणीतरी ग्रुपवर त्या मोटिव्हेशनच्या व्हिडिओंची माळ लावून दिली होती. एक म्हणायचा, पहाटे साडेचारला उठा, थंड पाण्यानं अंघोळ करा. मला पाण्याचं नाव काढलं तरी कापरं भरायचं. दुसरा म्हणायचा, अपयश ही तुमची स्वतःची निवड असते. मी मनात म्हटलं, भावा, एकदा पंचगंगेला विचारून बघ.

गंमत बाजूला ठेवतो. त्या व्हिडिओंनी मला बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटायला लागलं. एवढं सोपं असून मला जमत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे, असं पक्कं डोक्यात बसलं. संध्याकाळी घाटावर जाऊन बसायचो. नको ते विचार यायचे. यापेक्षा जास्त लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी शटरखालून दोन पाय दिसले. चिखलानं भरलेल्या चपला, हिरव्या काठाची साडी. वाकून एक मावशी आत डोकावली. हातात खताची प्लॅस्टिकची पिशवी.

"ओ दादा, ह्यो शिक्का तुमचाच न्हवं?"

पिशवीतनं तिनं एक वही काढली. वही कसली, चिखलाची वीट. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला माझ्या दुकानाचं लेबल अजून चिकटून होतं. माझ्याच हातची, दोन-तीन वर्षांपूर्वी शिवलेली.

"दुकान बंद आहे मावशी."

"बंद हाय ते दिसतंय की. मी चिखलीच्या अंगाहून वडापनं आलोय. वाचत नसंल तर न्हाई म्हणा, मी जातो. खरं न बघता न्हाई म्हणू नगासा."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं बायकाही "आलो, गेलो" म्हणतात आणि "खरं" म्हणजे "पण".

तिचं गावात किराणा मालाचं छोटं दुकान. मालक गेल्यापासून तीच बघते. पुराचा सांगावा आला तसं म्हशी सोडून गाव उंचावर गेलं. गडबडीत वही गल्ल्याखालीच राहिली. परत आली तेव्हा भिंत पडलेली, साखर वाहून गेलेली, पोत्यातल्या तांदळाला मोड आलेले. पंचनामा झाला. भिंत लिहून घेतली, पोती लिहून घेतली. ती म्हणाली, माझी वही पण लिहा. लिहिणाऱ्याला कळेना वहीचं काय लिहायचं. कोऱ्या वहीची किंमत फार तर शंभर रुपये. पण त्या वहीत गावातल्या साठेक घरांची उधारी होती. सत्तर हजाराच्या आसपास. फॉर्मात त्याचा रकाना नव्हता. त्या माणसाचीही चूक म्हणता येत नाही, रकाना त्यानं थोडाच काढला होता?

मी वही हातात घेतली. सवयीनं कडेनं अंगठा फिरवून बघितला. एका कोपऱ्यात पान जरा सुटलं. आत निळी ओळ दिसली, शाबूत. मी म्हटलं, "मावशी, हे बॉलपेननं लिहिलंय का?"

"मग कशानं लिवू? दोन रुपयाचं पेन."

बॉलपेनची शाई तेलकट असते. पाण्यात सहजासहजी पसरत नाही. मी उठलो, शटर पूर्ण वर केलं. उजेड पाहिजे होता म्हणून केलं, दुसरं काही कारण नव्हतं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा.

पुढचे नऊ दिवस मावशी रोज यायची. ओली वही घाईनं उघडायची नसते, पानं फाटतात. आधी वही मिटलेलीच धरून वरचा चिखल स्वच्छ पाण्यात हळूच धुवायचा. मग उभी ठेवून निथळू द्यायची. पानं थोडी सुटायला लागली की मध्येमध्ये कोरा कागद घालायचा, तो भिजला की बदलायचा. उन्हात ठेवायची नाही, कागद वाकडा होऊन चिकटतो. पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत ठेवायची. बुरशी धरायला लागली होती म्हणून एका आइसक्रीमवाल्या मित्राच्या डीप फ्रीजरमध्ये अर्धी वही चार दिवस ठेवली. थंडीत बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. तो मित्र अजून म्हणतो, माझ्या दुकानात एकदा उधारीची कुल्फी झाली होती.

मी पान सोडवायचो, मावशी नाव वाचायची. "ह्यो तुकाराम, तीनशे चाळीस. चहापूड, साबण." नावं मी बदललीत. मग प्रत्येक नावामागं गोष्ट. ह्याची म्हैस गेली. हिची पोरगी बाळंतपणाला आलीया. हा लई पितोय, खरं उधारी बुडवत न्हाई. नऊ दिवसांत मला ते सगळं गाव पाठ झालं. आणि एक दिवस लक्षात आलं, गेले तीन दिवस मी मोबाईल घरीच विसरतोय.

सगळं वाचलं असं नाही. शेवटची चाळीसेक पानं उघडली तर आत नुसते निळे ढग. अक्षर एकही नाही. मावशी म्हणाली, ही नातीच्या हातची. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद म्हणून नात दुकानात बसायची आणि तिला जेलपेनशिवाय चालायचं नाही. अक्षर छान येतं म्हणून. जेलची शाई पाण्यात विरघळते. म्हणजे गेली ती नेमकी लॉकडाऊनच्या वर्षाची पानं. लोकांनी सगळ्यात जास्त उधारी त्याच वर्षात केलेली.

मला वाटलं, आता ही खाली बसणार. मीच बसलो असतो. ती निळ्या पानांकडं जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एक कोरी वही द्या. ह्येचे पैशे दिवाळीला."

मी म्हटलं, "मावशी, म्हणजे आता मीपण तुमच्या वहीत आलो."

"तुमी न्हवं, मी तुमच्या वहीत आलो," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून एवढी हसली की शेजारचा टेलर बघायला आला. मीही हसलो. हसताना गालाचे स्नायू दुखले. इतक्या दिवसांत वापरलेच नव्हते.

त्या कोऱ्या वहीचं तिनं काय केलं ते दिवाळीच्या पाडव्याला कळलं. पैसे द्यायला आली होती. शेंगदाण्याचे लाडू घेऊन. तिनं आठवतील तेवढी नावं एकेका पानावर लिहिली, पुढं आकडा कोरा ठेवला आणि वही दोरीनं बांधून काउंटरवर ठेवून दिली. गावाला सांगितलं, नातीची पानं धुऊन गेली, आता ज्याचं त्यानं लिवा. मी विचारणार न्हाई.

लोकांनी लिहिलं. सगळ्यांनी नाही. दहा-अकरा घरांनी लिहिलं नाही. एक जण तर तिच्या दुकानावरनं जायचं टाळून लांबच्या वाटेनं जायला लागला. पण उरलेल्यांनी लिहिलं. एकानं तिला आठवत होता त्याच्यापेक्षा जास्त आकडा लिहिला. तिनं विचारलं तर म्हणाला, आमच्या आईनं मागच्या साली नेलेलं तेल त्यात धरलंय, ती आता न्हाई, तिच्यामागं ऱ्हायला नको.

मी म्हटलं, आणि जे बुडवून बसले त्यांचं काय?

"त्येंच्या घरात काय हाय मला काय ठावं? भिंत त्येंची पण पडलीया."

गोष्ट एवढीच. यात कुणी कुणाला प्रेरणा दिली नाही. मावशी मला धीर द्यायला आलीच नव्हती. ती स्वतःच्या कामाला आली होती. तिला माझ्या हातांची गरज होती आणि ते हात तोवर बादलीवर बसून मोबाईल सरकवत होते. व्हिडिओतला माणूस सांगायचा, तू जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आहेस. मावशी म्हणाली, ह्यो शिक्का तुमचाच न्हवं? दुसऱ्या वाक्यानं मी उठलो.

पण इथंच थांबलो तर तीही एक खोटी रील होईल. वही झाली, मावशी गेली आणि पंधरा दिवसांत मी पुन्हा घसरलो. उजाडलं की छातीवर दगड. तेव्हा दोन गोष्टी झाल्या. एक, बायकोनं हात धरून मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. पहिल्यांदा मी मागच्या गल्लीत गाडी लावली, कुणी बघू नये म्हणून. आठ महिने गोळ्या घेतल्या. उपयोग झाला. पायाला प्लॅस्टर घालताना आपण लाजत नाही, मग यात कसली लाज? आता तर सरकारची टेलिमानस ही फोन सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. कुणाला गरज असेल तर नंबर लिहून ठेवा. मोटिव्हेशन हे औषध नव्हे, एवढं तरी पोरांना सांगितलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे आमचे वस्ताद. वय सत्तरीच्या पुढं, कानाची कधीच भाकरी झालेली. रोज संध्याकाळी सहाला दुकानासमोर गाडी लावून एकच वाक्य. "चल, दूध पिऊ." गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, आपल्यासमोर धार काढतात, फेसाळलेला ग्लास हातात येतो, कोमट. बाहेरचे लोक फोटो काढतात. आम्ही कट्ट्यावर टेकतो. वस्तादांनी मला एकदाही विचारलं नाही, काय झालंय. एकदाही म्हणाले नाहीत, सगळं ठीक होईल. कुणाच्या पायाचं दुखणं, कुणाच्या पोराचं लग्न, महापालिकेला शिव्या, उसाचा दर, रंकाळ्याचं पाणी. मी महिनाभर नुसता ऐकत होतो. एक दिवस रस्त्याच्या खड्ड्यावरनं मीही शिवी हासडली. वस्ताद दुधाचा फेस पुसत म्हणाले, "आता बरा हायस."

म्हणून पोरांना दिलेलं उत्तर अगदीच खोटं नव्हतं.

या दोन-तीन वर्षांत मी आपल्याच गावातल्या जुन्या गोष्टी नव्यानं वाचल्या. नसीमादीदी हुरजूक यांचं "चाकाची खुर्ची" हे आत्मचरित्र आमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. ऐन उमेदीच्या वयात पायातली ताकद गेली. नैराश्यानं घेरलं. त्यातनं त्या बाहेर आल्या त्यात एका भेटीचा मोठा वाटा होता. बाबूकाका दिवाण नावाचे गृहस्थ भेटले, स्वतः चाकाच्या खुर्चीत असूनही उद्योग चालवणारे. समोर तसाच एक माणूस जगताना, काम करताना दिसला. पुढं दीदींनी नोकरी केली, १९८४ ला कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. उचगावच्या "घरौंदा" वसतिगृहात किती मुलं-मुली शिकून गेली. एका माणसाशी झालेल्या भेटीतनं हे निघालं. मात्र भेटीनंतरची सगळी वर्षं त्यांनी स्वतः राबून काढली, हेही तितकंच खरं.

आणि गंगाराम कांबळ्यांची गोष्ट तर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेला माणूस. शाहू महाराजांनी त्यांना मदत केली, त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराजांनी त्यावर भाषण नाही केलं. गाडी हॉटेलसमोर उभी करायची, गंगारामांच्या हातचा चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावायचा. आम्ही लहानपणी ही गोष्ट महाराजांचा मोठेपणा म्हणून ऐकली. आता मी ती गंगारामांच्या बाजूनं वाचतो. सकाळी भट्टी पेटवताना त्या माणसाला काय वाटत असेल? गिऱ्हाईक आलं नाही तर? आणि मग दारात घोड्यांच्या टापांचा आवाज. नुसतं कुणीतरी येणं, आपल्या हातचं मागणं, याची किंमत ज्याच्या दुकानात महिनाभर कुणी आलेलं नाही त्यालाच कळते.

सार्वजनिक प्रश्नांवर लिहिणाऱ्या माणसानं आज घरचं गाऱ्हाणं का मांडलं, असं वाटेल. मला हा प्रश्न सार्वजनिकच वाटतो. माणसानं माणसाच्या दारात सहज जावं यासाठी गावात जागा लागतात. कट्टा लागतो, तालीम लागते, वाचनालय लागतं, बस लागते, वडाप लागतं, चौकातला झाडाचा पार लागतो. मावशीला वडाप मिळालं नसतं तर ती आली नसती. वस्तादांना टेकायला कट्टा नसता तर मला घेऊन ते कुठं गेले असते? मॉलमध्ये? रस्ता रुंद करताना आपण कट्टा पाडतो, पार्किंगसाठी पार काढतो, बसच्या फेऱ्या कमी झाल्या तर कुणी विचारत नाही. आणि मग उमेद कमी पडली म्हणून मानधन देऊन बाहेरनं वक्ता आणतो.

पुराचंही तसंच. दरवर्षी पातळी मोजतो, बोटी मोजतो, पंचनाम्यात भिंती मोजतो. गावातला विश्वास ज्या शंभर रुपयांच्या वहीत लिहिलेला असतो तिला रकाना नाही. छोट्या दुकानदाराचं खरं भांडवल तेच असतं. नुकसानभरपाईत उधारी धरा असं मी म्हणत नाही, ते मोजणं अवघड आहे हे मलाही कळतं. पण पुराची तयारी सांगताना औषधं आणि कागदपत्रं उंचावर ठेवा असं सांगतो, तिथं "हिशेबाची वही" हे दोन शब्द वाढवायला पैसे पडत नाहीत.

तोवर आपण आपलं करू. पुरपट्ट्यातल्या प्रत्येक दुकानदाराला माझं सांगणं आहे. उधारी बॉलपेननं लिहा. जेलपेन पोरांच्या चित्रकलेला ठेवा. आठवड्याला एकदा मोबाईलमध्ये पानांचे फोटो काढा आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. जून लागला की वही जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. आणि भिजलीच, तर सातबारा असो, शाळेचा दाखला असो नाहीतर पोथी, ओढून उघडू नका, उन्हात टाकू नका. माझ्याकडं आणा. जमेल तेवढं सोडवून देतो. पुरात भिजलेल्या कागदाचे मी पैसे घेत नाही, हा नियम त्या वर्षापासून आहे.

आणि तालमीच्या पोरांनो, वक्ता जरूर आणा, माझी हरकत नाही. पण त्या मानधनाच्या दहाव्या हिश्शात आपल्या चौकातला मोडलेला कट्टा बांधून होतोय. गवंड्याला मी सांगतो. पावती पुस्तकं शुक्रवारी न्या, तेव्हा बोलू.

माझं कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही. नवं मशीन घेता आलं नाही, जुनंच दुरुस्त करून चालवतोय, कधीमधी अडतं. काही सकाळी छातीवर दगड अजून येतो, पण आता तो ओळखीचा झालाय. येतो, बसतो, दहाच्या सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं की उठून जातो.

मावशी दर पाडव्याला नवी वही न्यायला येते. नात आता कॉलेजात आहे, आजीनं तिला बॉलपेनचा पुडाच आणून दिलाय. लांबच्या वाटेनं जाणारा तो माणूस अजून लांबच्याच वाटेनं जातो. त्याचं पान मावशीनं कोरंच ठेवलंय, दरवर्षी नव्या वहीत त्याचं नाव पुन्हा लिहिते.

गेल्या आठवड्यात बंधाऱ्यावर पाणी चढायला लागलं. रात्री साडेदहाला फोन वाजला.

"दादा, मी वही माळ्यावर ठेवलीया. तुमी मशीनची मोटार उचलली का?"

मी म्हटलं, "अजून ३९ नाही झालं मावशी, उद्या बघतो."

"उद्या बिद्या काय न्हाई. आत्ता उठा."

उठलो. वस्तादांना फोन केला, पोरांना फोन केला. साडेअकराला सहा जण दुकानात हजर. मोटर उचलून माळ्यावर ठेवली, रिमा वर घेतल्या, मग सगळे चहाला गेलो. पाणी काही आलं नाही.